अडकलेल्या गुडघ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन (पनवेल आवृत्ती)

हे मार्गदर्शन पनवेल, नवीन पनवेल, खांदेश्वर, कामोठे आणि कळंबोली इथल्या अशा नागरिकांसाठी आहे, जे नीबोर्डवर लाटा घ्यायला शिकले, सुरुवातीला भराभर शिकत गेले आणि मग जिथे होते तिथेच राहिले. अशा नागरिकांची संख्या फार मोठी नसावी. पण लिहिणाऱ्याने वाचकसंख्येकडे बघू नये असा आपल्याकडे प्रघात आहे. नाहीतर निम्मे दिवाळी अंक निघालेच नसते.

नीबोर्ड म्हणजे गुडघे टेकून चालवायची आखूड, रुंद फळी. उभ्याने लाट घेणाऱ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. नीबोर्डवाला त्याच लाटेवर गुडघे दुमडून बसतो. पायात पोहण्याचे फिन्स असतात. लाट आली की फळीवर पालथे पडून जोरात पाय मारायचे, वेग आला की दोन्ही गुडघे एकदम पोटाखाली ओढून घ्यायचे आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचे. सुरुवातीला जे होते ते फार सुखाचे असते. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस मागून ढकलतो, फळी सरळ किनाऱ्याकडे पळते आणि वाळूला घासून थांबते. पर्यटक टाळ्या वाजवतात, एखादा घोडागाडीवालाही लगाम खेचून बघत राहतो. बसलेल्या माणसाचा तोल उभ्या माणसापेक्षा लवकर सावरतो, त्यामुळे ही अवस्था फारशा कष्टांविना येते. अडचण एवढीच की ती पुढे जात नाही. म्हणून हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. निष्णात माणूस अडकायला बरीच वर्षे लागतात. नीबोर्डवरचा नवशिका पहिल्याच मोसमात अडकून मोकळा होतो.

आधी अडकल्याची खात्री करून घ्या

सर्फिंग करणारे पाण्यात नेमके काय करतात, हे अभ्यासकांनी घड्याळ लावून मोजले आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाच्याही पाण्यातल्या एकूण वेळापैकी प्रत्यक्ष लाटेवरचा वेळ दहा टक्क्यांच्या आत भरतो. बाकीचा सगळा वेळ हात मारण्यात आणि वाट बघण्यात जातो.

आता पनवेलचा हिशेब मांडा. पहाटे निघालात तरी पळस्प्याला बटाटेवड्यासाठी थांबणे आले, कारण पळस्प्याला न थांबता कोकणात उतरणाऱ्याला कोकण पावत नाही अशी समजूत आहे. मग कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग आणि नागाव. येताना हेच उलटे, अधिक रविवारची संध्याकाळ. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला गेला. आपण वडखळलाच अलिबागकडे वळतो, त्यामुळे पुढची शोभा बघावी लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. एवढे करून पाण्यात मिळतात दोन तास. त्यातली लाटेवरची मिनिटे हाताच्या बोटांवर मोजावीत. ऑक्टोबर ते मे, पंधरवड्याला एकदा, न चुकता गेलात असे धरले (कोणी जात नाही, मध्ये लग्ने असतात) तरी संपूर्ण मोसमातला तुमचा लाटेवरचा वेळ एका मराठी चित्रपटाएवढा होईल. म्हणजे बहुतेकांची प्रगती खुंटलेली नसते. ती अजून मध्यंतरापर्यंतही पोचलेली नसते.

या हिशेबाने ज्यांचे समाधान झाले त्यांनी पुढे वाचण्याची गरज नाही. त्यांनी फक्त अधिक वेळा जावे.

खरोखर अडकलेल्यांची लक्षणे वेगळी असतात. प्रत्येक लाट फुटल्यावरच तुम्ही ती घेता. प्रत्येक वेळी सरळ किनाऱ्याकडे जाता. लाटेवर असताना नजर आपल्याच गुडघ्यांवर असते, जणू ते कोणी चोरून नेणार आहे. परतीच्या वाटेवर आज लाटाच नव्हत्या असे सांगता, आणि सोबतच्याने लाटा होत्या असे म्हटले तर पेणपर्यंत त्याच्याशी बोलत नाही. शेवटचे आणि सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे दुसरी फळी विकत घेण्याचा विचार.

साहित्य

दुसरी फळी घेऊ नका. पहिली घेतली तेव्हाच लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी "हे इस्त्रीचं टेबल केवढ्याला पडलं?" असे विचारले होते आणि तुम्ही आकडा खरा सांगितला होता, तेव्हापासून त्या तुमच्याकडे सहानुभूतीने बघतात. दुसऱ्या फळीनंतर त्या घरी येऊन बोलतील.

फळी बदलून माणसे पुढे गेली नाहीत असे नाही. किंबहुना सर्फिंगच्या इतिहासातली एक मोठी उडी गुडघ्यांवर बसणाऱ्या माणसामुळेच पडली. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचा जॉर्ज ग्रीनो हा तो माणूस. साठच्या दशकात बाकीचे लांब, जड फळ्यांवर उभे राहून डौलात किनाऱ्याला येत असताना हा गुडघ्यांवर बसून लाटेच्या भिंतीवर आडवा-तिडवा धावत होता. त्याने स्वतःसाठी जी फळी घडवली ती चमच्यासारखी खोलगट, जवळजवळ नुसत्या फायबरग्लासची, शेपटाला पातळ आणि लवचिक होती. नीट तरंगत नसे. थांबली की बुडू लागे. मात्र वेग पकडला की तिच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. फळीखालचा पंख त्याने ट्यूना माशाच्या शेपटीवरून बेतला. ट्यूना म्हणजे आपल्याकडचा कुपा. अलिबागच्या मासळी बाजारात त्याच्या शेपटीकडे या नजरेने कोणी बघत नाही एवढाच फरक. हा पंख ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने आपल्या फळीला लावला आणि १९६६ साली सॅन डिएगोला तो जगज्जेता झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत बॉब मॅक्टॅविशसारख्या कारागिरांनी फळ्या झपाट्याने आखूड केल्या आणि उभ्याने सर्फिंग करणाऱ्यांची पद्धतच बदलली. १९६७ साली सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने स्वतःच्या गुडघ्यांसाठी दुभंगल्या शेपटीची ‘फिश’ नावाची फळी काढली. तीही आज उभे राहणारेच जास्त वापरतात. गुडघेवाल्यांनी शोधायचे आणि उभ्यांनी मिरवायचे, असा या खेळातला रिवाज आहे. आपल्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पण बारकाईने बघा: फळीने पुढे नेले ते त्यांना, ज्यांनी ती स्वतःच्या हाताने घासून तयार केली. लाटेवर काय कमी पडते हे त्यांना आधी कळले आणि मग त्यांनी फळीला हात लावला. आपण ऑनलाइन मागवतो तेव्हा क्रम उलटा असतो. आधी खोके येते, मग त्यात काय कमी पडते ते शोधायचे.

तेव्हा साहित्य पुढीलप्रमाणे: जुनी फळी, घोट्यात घट्ट बसणारे फिन्स, फळीची दोरी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय. शेवटच्या वस्तूकडे आपण लवकरच येऊ.

तारमास्तरांचा दाखला

१८९७ आणि १८९९ साली विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकन संशोधकांनी तार घ्यायला शिकणाऱ्या उमेदवारांची प्रगती कागदावर मांडली. (तार म्हणजे काय, असे विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडे ती २०१३ च्या जुलैत बंद झाली.) उमेदवार सुरुवातीला भराभर शिकत. मग आठवडेच्या आठवडे वेग वाढतच नसे. कष्ट तेवढेच, आकडा तिथेच. कित्येक जण या टप्प्यावर धीर सोडत. जे टिकत त्यांचा वेग काही काळाने अचानक पुन्हा चढू लागे. संशोधकांचा तर्क असा की आधी माणूस एकेक अक्षर ऐकतो. अक्षरे अंगवळणी पडेपर्यंत शब्द ऐकू येत नाहीत. आणि शब्द अंगवळणी पडले की एक दिवस सबंध वाक्य कानावर पडते. म्हणजे वेग थांबलेला दिसतो तेव्हा आत काहीतरी मुरत असते. पुढे १९५८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने हा टप्पा म्हणजे निव्वळ भूत आहे, नीट शिकवले तर तो यायलाच नको, असे बजावले. दोन्ही बाजूंपैकी कोणाचे ऐकायचे हे तुमच्या स्वभावावर आहे. मुरण्यावर विश्वास ठेवला की घरी बसून राहायला निमित्त मिळते, भुतावर ठेवला की शिकवणाऱ्याला दोष देता येतो.

नीबोर्डवाल्याने यातून एवढेच घ्यावे. पाय मारणे, गुडघे ओढणे, कडा धरणे ही त्याची अक्षरे. ती तुम्हाला येतात. ती आणखी घोटून काही होणार नाही, कारण तुम्ही अडला आहात ते गुडघ्यांत नाही, डोळ्यांत. समोरून येणारी लाट कुठे फुटेल, कधी फुटेल आणि कोणत्या बाजूने फुटत जाईल, हे तुम्हाला वाचता येत नाही. म्हणून तुम्ही ती फुटून होईपर्यंत थांबता आणि उरलेला फेस घेता. आणि ज्याला समुद्र पंधरवड्याला एकदा भेटतो, त्याने डोळ्यांचा अभ्यास केला तरच भागते. गुडघ्यांना रोज पाणी लागते. डोळ्यांना पनवेलमध्येही काम देता येते.

पायरी पहिली: बातमी वाचायला शिका

दर पावसाळ्यात बातम्यांत येते की आज दुपारी समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार. ही ओळ वाचून ज्याच्या पोटात गोळा येतो तो सामान्य नागरिक. ज्याच्या तोंडाला पाणी सुटते तो अडकलेला नीबोर्डवाला. दोघांचीही फसगत होते. तो साडेचार मीटरचा आकडा बहुतेक वेळा भरतीचा असतो, म्हणजे पाण्याची पातळी ठरावीक शून्यापासून किती चढणार त्याचा. लाटेचा नव्हे. भर हिवाळ्यात, समुद्र तळ्यासारखा निपचित पडलेला असतानाही उधाणाची भरती त्याच्या आसपास जाते. त्या दिवशी किनारा अर्धा पाण्याखाली जातो आणि लाट घोट्याला गुदगुल्या करते.

लाटेचा आकडा वेगळा शोधावा लागतो. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचे समुद्रस्थितीचे अंदाज रोज निघतात. मच्छीमारांसाठी निघतात, पण पनवेलकरांना वाचायला बंदी नाही. त्यात लाटेची उंची असते आणि दोन लाटांमधले अंतर सेकंदांत दिलेले असते. उंचीचा आकडा म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, त्यामुळे तिच्याहून मोठ्या लाटा मधूनमधून येणारच. नवशिका उंची बघतो. तुम्ही सेकंद बघा. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा चार-सहा सेकंदांवर येतात, एकमेकींच्या अंगावर कोसळतात आणि त्यांचे काही वाचता येत नाही. दूर दक्षिणेच्या हिंदी महासागरात उठून हजारो किलोमीटर चालत आलेल्या लाटा बारा-चौदा सेकंदांच्या अंतराने, रांगेत येतात. उंचीने त्या गुडघाभरच असतील, पण त्यांच्यात शिस्त असते.

पायरी दुसरी: कालनिर्णय

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले हे कॅलेंडर तुमच्या घरात दूध, गॅस आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांची नोंद करण्यासाठी वापरले जाते. साळगावकर मालवणचे होते. समुद्राकाठच्या माणसाने तिथी छापून घरोघरी दिल्या आणि आपण त्यांच्यावर ‘सिलिंडर आला’ असे लिहितो.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी पुन्हा सहा-साडेसहाला. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. एका भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. घड्याळाचे मिनिट जुळणार नाही, पण बोर्ड गाडीवर बांधायचा की नाही हे ठरवायला एवढे पुरते. उपकरण लागत नाही, रेंज लागत नाही, आणि पाढा फक्त पाऊणकीचा.

नागाव-वरसोलीसारख्या पसरट किनाऱ्यांवर ही गोष्ट फळीपेक्षा महत्त्वाची आहे. पाणी लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट इतके उथळ झाले की लाट मोडते, हा साधा नियम. रायगडच्या सपाट वाळूवर ही उथळ जागा भरती-ओहोटीबरोबर शेकडो पावले पुढे-मागे सरकते. पूर्ण ओहोटीला लाट दूर कुठेतरी हळूच विरघळते आणि तुम्ही फळी काखेत घेऊन तिच्याकडे चालत राहता. त्या वेळात कुलाबा किल्ल्यात जाऊन गणपतीचे दर्शन घेऊन येणारे तुम्हाला दोनदा ओलांडतात. भरती चढत असताना पाणी किनाऱ्याच्या जरा उताराच्या भागावर येते आणि लाटेला थोडी भिंत येते.

आता तुमच्या रविवारला हे लावा. पहाटे निघून साडेसात-आठला पोचता असे धरू. संकष्टी चतुर्थीचा रविवार असेल तर भरती पहाटे तीनला होऊन गेलेली, नऊला तळ. समुद्राचाही उपास. जाऊ नका. द्वादशी-त्रयोदशीचा रविवार असेल तर नऊ ते दहाच्या दरम्यान भरती. तुम्ही पोचता तेव्हा पाणी चढत असते, उधाण जवळ आलेले असते. शिवाय सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे असतात, जे लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात आणि ती मोडायला जरा उशीर करतात. दुपारी खारे वारे सुटले की सगळे विस्कटते. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन गुणांसाठी खारे आणि मतलई वारे यांतला फरक लिहिला होतात, त्याचा उपयोग आयुष्यात एकदा तरी होणार होताच.

वरसोलीच्या किनाऱ्यावर जाळे विणत बसलेला एखादा नाखवा तुमची धडपड बघून "पोरा, पानी भांगाचं हाय, लाट कुठशी येल?" असे म्हणाला, तर त्याला आपल्या मोबाइलवरचा आलेख दाखवू नका. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढ-उताराची भरती, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे आणि तुम्हाला आत्ता कळले. खाली बसा. जाळ्याबद्दल काही विचारा.

पायरी तिसरी: पनवेलमधला गृहपाठ

पनवेलच्या खाडीत सरावाचा विचार करू नका. एकेकाळी ते बंदर होते, मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरायचा आणि १८३० साली झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने वर चढायचा, हे सगळे खरे; पण आज तिथे चिखल, खारफुटी आणि विमानांचा आवाज आहे. वडाळे तलावाच्या काठाने चालायला जावे, फळी नेऊ नये. तिथले ज्येष्ठ नागरिक प्रश्न विचारतात.

गृहपाठ दोन प्रकारचा. पहिला गुडघ्यांचा, आणि तो आपल्याकडे फुकट होतो. जेवायला जमिनीवर बसा. वज्रासनात पेपर वाचा, तोही पुरवणीसकट. सोफा आल्यापासून आपण जे गमावले त्यात लाटेवर बसायची तयारीही गेली. (गुडघ्याचे आधीच दुखणे असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारून, अस्थिरोगतज्ज्ञांची पाटी पनवेलमध्ये दर चौकात आहे.) पोहण्याच्या तलावात फिन्स लावू देत असतील तर भिंतीपासून भिंतीपर्यंत जोरात पाय मारा. अचानक वेग, मग विश्रांती, पुन्हा वेग. लाट पकडायला दहा सेकंदांचा जोर लागतो, तासाचा नाही.

दुसरा गृहपाठ पावसाळ्यातला, आणि हाच खरा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचे नाही. यावर चर्चा नाही. याच काळात समुद्रात खऱ्या मोठ्या लाटा असतात, म्हणूनच नाही. यांत्रिक होड्यांची मासेमारीदेखील १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि ज्या पाण्यात कोळी उतरत नाही त्यात कामोठ्याच्या संगणक अभियंत्याने उतरू नये. पांडवकडा धबधब्यावर बंदी असताना मागच्या वाटेने जाणारे जे वीर असतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन नाही. तुम्ही फळी घरी ठेवून जा. भरतीच्या रेषेच्या बरेच वर, पक्क्या जागी उभे राहा आणि फक्त बघा. एक लाट निवडा, ती दूर काळी रेघ असल्यापासून. कुठे फुटेल ते मनात ठरवा. डावीकडे उलगडेल की उजवीकडे, की एकदम सगळी कोसळेल, ते ठरवा. मग बघा. पहिल्या दिवशी सगळी उत्तरे चुकतात. अलिबागहून पुढे काशीदला किनारा जरा तीव्र आहे, लाट जोरात मोडते; तिथला पेपर वेगळा निघतो. घरचे बरोबर असतील तर त्यांना कणीस घेऊन द्या, म्हणजे तेवढा वेळ ते विचारणार नाहीत.

पायरी चौथी: पाण्यात, अखेर

ऑक्टोबरात परत जाल तेव्हा एका फेरीत एकच बदल करा. सगळ्यांत आधी, फुटलेल्या लाटा घेणे बंद. कंबर ते छातीएवढ्या पाण्यात, फेसाच्या रेषेच्या किंचित पुढे थांबा आणि न फुटलेली लाट निवडा. तुमचा अंदाज चुकेल. लाट खालून निघून जाईल. पुढची तोंडावर फुटेल. टाळ्या बंद होतील; पर्यटकांच्या दृष्टीने तुमची अधोगती झालेली असेल. घोडागाडीवाला निघून जाईल. हे सहन झाले की निम्मे काम झाले, कारण अडकलेला माणूस बहुधा कौतुकाच्या जागेवरच अडकलेला असतो.

पुढच्या फेरीला तिरके निघा. पाय मारायला सुरुवात करतानाच फळीचे नाक लाट ज्या बाजूने उलगडणार तिकडे थोडे वळवा. नजर गुडघ्यांवरून काढून लाटेच्या पुढच्या न फुटलेल्या भागावर टाका. नजर जिथे जाते तिथे खांदा जातो, खांद्यामागून फळी. आतल्या, म्हणजे लाटेकडच्या हाताने फळीची कड धरा. जमत असेल तर तोच हात क्षणभर लाटेच्या भिंतीला लावा, वेग कमी-जास्त करता येतो. टाचांवर बूड टेकवून आरामात बसण्याचा मोह टाळा. वजन मागे गेले की फळी ब्रेक लावते. आणि कोणी पोहणारे समोर असतील तर लाट सोडून द्या. नागावच्या रविवारच्या गर्दीत फळी कोणाच्या आजोबांना लागली तर पुढची प्रगती पोलीस ठाण्यात होईल.

उमेद गेली असेल तर

वरचे सगळे वाचूनही सोफ्यावरून उठावेसे वाटत नसेल, तर तंत्राचा प्रश्न नाही. अशा वेळी प्रेरणादायी चित्रफिती बघू नका. हवाईच्या लाटा बघून नागावला गेलेला माणूस नागावचा राहत नाही.

ग्रीनोकडे यावरही औषध होते. स्पर्धांत त्याला रस नव्हता. पाठीवर जड कॅमेरा बांधून लाटेच्या आतून चित्रण करण्यात मात्र होता. १९७३ च्या ‘क्रिस्टल व्हॉयेजर’ या चित्रपटाच्या शेवटच्या भागात पिंक फ्लॉइडच्या संगीतावर चालणारी दृश्ये त्याचीच. आणि अशी फळी घडवलेला हा माणूस ती बाजूला ठेवून हवा भरलेल्या रबरी गादीवर लाटा घ्यायला जायचा. लहान मुलांच्या गादीवर. तेव्हा एका रविवारी फळी घरी ठेवा. कंबरभर पाण्यात फिन्स लावून नुसत्या छातीवर लाट घ्या. गादी घेतलीत तर वारा जमिनीकडून वाहत असताना ती नेऊ नका. हवेची वस्तू तुम्हाला घेऊन थेट ओमानकडे निघते.

वर्षातून एकदा शिकवणाऱ्या माणसाकडे जाणेही चांगले. त्यासाठी पनवेलची सोय उत्तम आहे, पण रस्त्याने नव्हे. मत्स्यगंधा एक्सप्रेस पनवेलला थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उडुपीला सोडते. तिथून जवळच मुलकी. जॅक हेब्नर या ‘सर्फिंग स्वामीं’नी तिथे आश्रमातच सर्फिंगचा क्लब सुरू केला, आणि त्याच भागातल्या ससिहित्लूला २०१६ साली इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे बहुतेक उभ्यानेच शिकवतात. काही बिघडत नाही. तुम्ही त्यांच्याकडून लाट वाचायला शिका, बसायचे की उभे राहायचे ते नंतर बघू. फळी गाडीत न्यायची असेल तर बाजूच्या बर्थवरच्या आजींशी आधी ओळख करून घ्या.

एरवी प्रगती होत नाही म्हणून निराश होण्याचा हक्क पनवेलकराला फारसा नाही. पनवेलजवळच्या विमानतळाची चर्चा नव्वदच्या दशकात सुरू झाली, भूमिपूजन २०१८ च्या फेब्रुवारीत, आणि पहिले प्रवासी विमान उडाले २५ डिसेंबर २०२५ ला. त्यासाठी एक टेकडी सपाट करावी लागली आणि नदीला वळवावे लागले. तुम्हाला फक्त फळीचे नाक वळवायचे आहे.

काही नेहमीच्या शंका

गुडघ्यांवर बसणे हे उभे राहता न येणाऱ्यांचे काम ना? असे उभे राहणारे म्हणतात. त्यांना नॅट यंगच्या पंखाची गोष्ट सांगा. ऐकतीलच असे नाही.

वय चाळीसच्या पुढे आहे, चालेल का? पाण्यात बरे पोहता येत असेल तर चालेल. लाटेला आधार कार्ड दाखवावे लागत नाही.

अर्धांगिनी म्हणतात, एवढा खर्च करून दर वेळी तेच तर करता. त्यांना पुढच्या वेळी किनाऱ्यावर बसवून लाट कुठे फुटेल ते सांगायला सांगा. त्या तुमच्याआधी शिकतील. कोरड्या माणसाला नीट दिसते.

येत्या रविवारी जावे का? भिंतीवर तिथी बघा. पाऊणपट करा. द्वादशी निघाली तर शनिवारी रात्रीच फळी टपावर बांधा आणि दोर पुन्हा एकदा ओढून बघा. कर्नाळ्याची खिंड उतरताना वारा लागतो.